टाउन्स पद्धतीचा मॅलेझ सापळा: पकड उत्तम, पण यजमानाचा पत्ता नाही

परोपजीवी गांधीलमाश्यांच्या नव्या प्रजातींचे वर्णन करण्याची उमेद बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा हौशी अभ्यासकाला सूक्ष्मदर्शकानंतरची दुसरी मोठी खरेदी कोणती करावी असे विचारले, तर जाणकार मंडळी बहुधा मॅलेझ सापळ्याचे, म्हणजे उडते कीटक पकडणाऱ्या तंबूवजा जाळीच्या सापळ्याचे, नाव घेतात. हा सल्ला चुकीचा नाही. तो अपुरा आहे. सावंतवाडी तालुक्यातील एक खासगी काजूबाग आणि तिला लागून असलेली राई यांच्या सीमेवर, जमीनमालकाच्या संमतीने, मी काही हंगाम असा एक सापळा लावत आलो आहे. तो भारतातच शिवलेला, टाउन्स पद्धतीचा आणि परदेशी सापळ्याच्या मानाने बराच स्वस्त आहे. पुरवठादाराचे नाव देण्याचे टाळतो, कारण असे सापळे मागणीप्रमाणे थोड्या संख्येने शिवले जातात, त्यांचे कापड आणि शिवण खेपेगणिक बदलते आणि एका नगावरून दुकानाची पारख करणे न्याय्य होणार नाही. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: माश्या पकडण्यासाठी हा सापळा अवश्य घ्यावा, मात्र नवी प्रजाती कागदावर आणण्यासाठी जे जे लागते त्यातील निम्मेच तो देतो, हे घेण्यापूर्वी माहीत असावे.

इथे ज्या गांधीलमाश्यांविषयी बोलत आहोत त्या घराच्या आढ्याला पोळे लटकावणाऱ्या नव्हेत. त्या बहुतेक काही मिलिमीटर लांबीच्या, पुष्कळदा त्याहूनही लहान असतात आणि माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. मादी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात अंडे घालते, तिची पिल्ले त्या यजमानाला आतून किंवा बाहेरून खाऊन वाढतात आणि शेवटी यजमान मरतो. ब्रॅकोनिडी आणि इक्न्युमोनिडी या दोनच कुळांत आजवर वर्णन झालेल्या प्रजाती चाळीस हजारांहून अधिक आहेत. उष्ण कटिबंधातील निनावी प्रजातींचा साठा याहून किती मोठा असेल, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. तो मोठा आहे यावर मात्र आहे.

सापळ्याची कल्पना स्वीडनच्या रने मॅलेझ यांची. कामचात्कात भटकंती करताना तंबूत शिरलेले कीटक छताच्या वरच्या कोपऱ्यात गोळा होतात, हे त्यांनी पाहिले होते. त्या कोपऱ्याला भोक पाडून पुढे भांडे जोडले तर तंबूच आपल्यासाठी कीटक गोळा करील, हा विचार त्यांनी 1934 च्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेत अमलात आणला आणि 1937 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील हेन्री टाउन्स यांनी 1972 मध्ये याची हलकी, पाठीवरून नेता येईल अशी आवृत्ती मांडली आणि आज बाजारात मिळणारे बहुतेक सापळे तिच्याच नमुन्यावर बेतलेले असतात. मॅलेझ हे करवतमाश्यांचे जाणकार होते आणि टाउन्स इक्न्युमोनिडी कुळाचे. दोन्ही गट गांधीलमाश्यांच्याच गणातले असल्याने, या सापळ्यात परोपजीवी माश्या इतक्या चांगल्या का येतात याचे थोडे उत्तर त्याच्या जन्मकथेतच आहे, असे मला वाटते.

रचना साधी आहे. मधोमध उभा काळा पडदा, दोन्ही टोकांना आखूड काळे पडदे, वर एका बाजूला चढत गेलेले पांढरे छत आणि छताच्या सर्वांत उंच टोकाशी बाटली. खालून उडत आलेली माशी काळ्या पडद्याला थडकते, उजेडाच्या दिशेने वर चढते, छताखालून चढत चढत शिखरापाशी येते आणि तिथल्या भोकातून बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये पडते. यात ना आमिष, ना वीज, ना माणसाची हजेरी. भुंगेरे थडकले की बहुधा खाली पडतात, म्हणून त्यांना हा सापळा फारसा लाभत नाही. आपल्या कामाला त्याने काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळतो. पिशवीत सापळ्याचे कापड, दोन जोडकाठ्या, तणावे, मेखा आणि बाटलीचा जोड एवढे सामान येते. कापड पॉलिस्टरच्या बारीक जाळीचे असून हाताला मच्छरदाणीपेक्षा कमी घसरते. ओले झाले तरी ते लोंबत नाही आणि पावसाळ्यानंतरही काळा रंग फारसा विटलेला नाही, या दोन गोष्टींसाठी शिवणाऱ्याला गुण दिले पाहिजेत. जाळीची वीण मात्र भिंगाखाली पाहून घ्यावी. ब्रॅकोनिड माश्यांना ती अडवते. पण चाल्सिड गटातल्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या माश्या अशा विणीतून सहज पार होतात, आणि ज्यांना त्याच हव्या असतील त्यांनी या सापळ्याच्या जोडीला, खरे तर त्याच्या आधी, साबणाचे पाणी भरलेली पिवळी पसरट भांडी जमिनीवर ठेवावीत. त्यांचा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि अंड्यांवर वाढणाऱ्या बारीक माश्या त्यांत सापळ्यापेक्षा अधिक येतात.

शिवणीत एक जागा निर्णायक आहे आणि तिथेच हा नग उणा पडतो. छताचे चारही काठ शिखरापाशी जिथे एकत्र येतात तिथे कापडाचे सहा-सात पदर एकावर एक येतात. त्यांची शिवण आतल्या बाजूने वळवली तर आत एक छोटी घडी तयार होते. दिसायला ती क्षुल्लक आहे. चढत आलेली माशी त्या घडीत शिरते, तिला तोच शेवट वाटतो आणि ती बाटलीच्या तोंडापासून दोन बोटांवर बसून राहते, तिथेच वाळते किंवा कोळ्याच्या तावडीत सापडते. माझ्याकडच्या सापळ्यात ही घडी होती. ती उसवून, पदर बाहेरच्या बाजूला घेऊन, आतून गुळगुळीत पट्टी लावल्यावर बाटलीतील माल डोळ्यांना जाणवण्याइतका वाढला. काम गावातल्या शिंप्याने तासाभरात केले. जे तो करू शकतो ते शिवणाऱ्यानेच करून द्यायला हवे होते. नवा सापळा घेणाऱ्याने पिशवी उघडल्यावर सर्वांत आधी शिखरात बोट फिरवून पाहावे.

दुसरी उणीव बाटलीच्या जोडाची. जोड प्लास्टिकचा असून त्याचे आटे उथळ आहेत. उन्हाळ्यात ते सैल पडतात आणि अल्कोहोल उडून जाते. पावसाळ्यात जोडाच्या कडेने पाणी उतरून अल्कोहोल पातळ होते, आणि पातळ अल्कोहोलमध्ये आठवडाभर राहिलेल्या माशीच्या डीएनएवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. आंबोलीच्या परिसरात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे लक्षात घेता सह्याद्रीच्या माथ्याकडे सापळा लावणाऱ्याने बाटलीवर स्वतंत्र छत्री बांधलीच पाहिजे. मी तेलाच्या पाच लिटरच्या डब्याचा तळ कापून ती बसवली आहे; ती कुरूप आहे आणि उत्तम चालते. याउलट फार तीव्र अल्कोहोलही गैरसोयीचे, कारण त्यात माशीचे शरीर ठिसूळ होते आणि हाताळताना मिश्या व पाय तुटतात. शरीररचना हवी की डीएनए, असा हा जुना झगडा आहे. मी नव्वदच्या आसपासचे अल्कोहोल वापरतो आणि बाटली लवकर लवकर बदलतो.

अल्कोहोलचा उल्लेख आला आहे तर हेही सांगावे की सापळ्याच्या किमतीत त्याचा हिशेब धरायला नवशिके विसरतात. शुद्ध इथेनॉल मिळवण्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या नावावर असतो, आणि एकट्या हौशी माणसाला एखाद्या संस्थेचा हात धरल्यावाचून पुढे जाता येत नाही. जागेचेही तसेच: खासगी जमिनीत मालकाची संमती लागते, तर अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक मेखही ठोकू नये.

उभारणीला दोन माणसे असली की अर्धा तास पुरतो. सापळा उघड्यावर लावू नये. दाट राई आणि मोकळी जागा यांच्या कडेला, उडण्याच्या वाटेवर आडवा, बाटलीचे टोक उजेडाच्या बाजूला ठेवून लावावा. नदीकाठच्या पायवाटा, बांधाची फट, काजूच्या दोन ओळींमधला पट्टा या जागा चांगल्या. सोबत आलेल्या मेखा मऊ मातीसाठी आहेत. कोकणच्या जांभ्यात त्या वाकतात, म्हणून मी लोहाराकडून जाड सळईच्या मेखा करून घेतल्या. तणाव्यांवरून ओंबील, म्हणजे झाडांवरचे तांबडे मुंगळे, चढून थेट बाटलीपर्यंत पोहोचतात आणि पकडलेल्या माश्यांचे तुकडे करून नेतात. प्रत्येक तणाव्यावर हातभर वंगण चोपडणे हा एकमेव उपाय मला लागू पडला. गुरे येत असतील तर कुंपण करावे, कारण गाईला हा पडदा अंग घासायला सोयीचा वाटतो.

पकडीबद्दल तक्रार नाही. बाटली पांढऱ्या ताटलीत ओतली की सर्वांत वर तरंगतो तो द्विपंखी माश्यांचा राखाडी साय, मग पतंगांचे खवले, तुडतुडे, मुंग्यांचे पंखवाले नर. हे सगळे मऊ कुंचल्याने बाजूला सारल्यावर खाली बारीक कंबरेच्या, लांब मिश्यांच्या माश्या दिसू लागतात. पावसाळा सरतानाच्या एका बाटलीतून निघालेली एक मादी अजून माझ्या टेबलावर आहे. सुमारे चार मिलिमीटर लांब, विटकरी धड, काळे डोके, पोटाच्या मागे शरीराइतकीच लांब अंडनलिका. पंखांतील शिरांची मांडणी ब्रॅकोनिडीची: इक्न्युमोनिडीत असणारी बाहेरची दुसरी आडवी शीर तिला नाही. इथपर्यंत दहा मिनिटांचे काम. पुढे उपकुळाची चावी, म्हणजे लक्षणे टप्प्याटप्प्याने ताडून नावापर्यंत नेणारा तक्ता, घेऊन बसलो तर पोटाच्या दुसऱ्या खंडावरच्या रेघांपर्यंत वाट सरळ गेली आणि त्यानंतर कुठल्याच नावाशी जुळेना. एका मिशीची शेवटची मणीमाळ तुटलेली होती, त्यामुळे खंडांची मोजणी दुसऱ्या मिशीवरच अवलंबून राहिली.

ही प्रजाती नवी असू शकेल. पण तिचे वर्णन लिहायला मी बसलेलो नाही, आणि याचे कारण या समीक्षेच्या मुळाशी आहे. नियमांच्या दृष्टीने एक नमुना पुरतो. प्राणिनामकरणाच्या संहितेनुसार 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या प्रजातीसाठी नावाचा आधार ठरणारा नमुना, बहुधा एकच होलोटाइप, ठरवून द्यावा लागतो आणि त्या एका नमुन्यावर नाव टिकते. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या लेखाची झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करावी लागते. आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना मान्यताप्राप्त भांडारात जमा करून तशी सूचना द्यावी लागते. हे सर्व माझ्या विटकरी मादीला करता येईल. परंतु ती कोणत्या अळीवर वाढली, ती अळी कोणते झाड खात होती, नर कसा असतो, या प्रश्नांना बाटली गप्प आहे. मॅलेझ सापळ्यातून आलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर एक तारीखसुद्धा नसते, दोन तारखांमधला काळ असतो. ती माशी नेमकी कधी आली, हेही सांगता येत नाही.

कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्राचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथे डॅनियल जॅन्झन, विनी हॉलवॉक्स आणि स्थानिक गावांतून तयार झालेले मदतनीस 1978 पासून रानातल्या अळ्या गोळा करून पिशव्यांत वाढवत आले आहेत. अळीतून पतंगाऐवजी गांधीलमाशी निघाली की तिच्या नावासमोर अळी आणि तिचे झाड दोन्ही लिहिले जातात. या साठ्याच्या आधारे 2014 मध्ये होसे फर्नांडेझ-त्रियाना आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅपँटेलीस या एकाच वंशातील (जीनसमधील) 186 नव्या प्रजाती एका लेखात प्रसिद्ध केल्या. पुढे 2021 मध्ये मायकल शार्की आणि सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातील ब्रॅकोनिडी कुळाच्या अकरा उपकुळांतून 403 नव्या प्रजाती मांडल्या. या दुसऱ्या लेखात वर्णने अगदी त्रोटक होती. भर डीएनए बारकोडवर, म्हणजे प्रजाती ओळखण्यासाठी वाचलेल्या डीएनएच्या एका ठरावीक आखूड तुकड्यावर, आणि एका बाजूने काढलेल्या छायाचित्रावर होता, आणि त्यावरून वर्गीकरणतज्ज्ञांत जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. मला त्या लेखाच्या शीर्षकातलाच दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. 403 पैकी 219 प्रजातींच्या यजमानांची नोंद त्यात आहे. म्हणजे अळ्या वाढवण्याची चार दशकांची परंपरा असलेल्या देशातही उरलेल्या 184 प्रजातींना नाव मिळाले, पण त्या जगतात कशावर हे कळले नाही.

यजमान माहीत असण्याने काय साधते, हे महाराष्ट्रातील पपई उत्पादकांना वेगळे सांगायला नको. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूरला आढळला आणि थोड्याच काळात दक्षिणेतील व आपल्याकडील बागा पांढऱ्या पडू लागल्या. फवारणीला तो दाद देईना, कारण अंगावरचे मेणचट आवरण त्याचे रक्षण करते. शेवटी 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून तीन परोपजीवी गांधीलमाश्या बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेत आणून, वाढवून, बागांत सोडल्या गेल्या; त्यातील असेरोफेगस पपाये हिने सर्वांत चांगले काम केले. या माशीचे शास्त्रीय वर्णन जॉन नॉयस आणि मायकल शॉफ यांनी 2003 मध्येच केले होते, आणि ते पिठ्या ढेकणातून निघालेल्या नमुन्यांवरून केलेले होते. तिचे नावच यजमानाच्या झाडावरून ठेवलेले आहे. समजा ती एखाद्या मॅलेझ सापळ्याच्या बाटलीत सापडली असती आणि तिथूनच तिचे वर्णन झाले असते, तर संग्रहालयाच्या एका पेटीत आणखी एका पिवळट ठिपक्याची भर पडली असती. पपईच्या बागेशी तिचा संबंध कुणाच्या लक्षात यायला किती वर्षे लागली असती कोण जाणे.

म्हणून सापळ्याच्या किमतीतील थोडा भाग बाजूला काढून झाकणाला मलमलीची जाळी लावलेले प्लास्टिकचे डबे घ्यावेत, असे मी सुचवीन. सापळा ज्या झाडांमध्ये लावला त्यांच्यावरच्या अळ्या, पाने पोखरणाऱ्या अळ्यांसकट, या डब्यांत वाढवाव्यात. काम चिकट आहे. पाने रोज बदलावी लागतात, बुरशी लागते, निम्म्या अळ्या मरतात आणि उरलेल्यांतून बहुधा पतंगच निघतो. पण सापळ्यात आलेली माशी एकदा जरी डब्यात निघाली, तरी बाटलीतल्या सगळ्या नमुन्यांना अचानक अर्थ येतो. बारकोडच्या 658 अक्षरांचा उपयोगही मला इथेच सर्वांत पटतो, कारण सापळ्यातली मादी आणि डब्यातला नर एकाच प्रजातीचे आहेत की नाहीत हे त्याने ताडून पाहता येते.

सापळ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र डबे कधीच करू शकणार नाहीत. तोच सापळा, त्याच जागी, त्याच मोसमात वर्षानुवर्षे लावला तर संख्येची तुलना करता येते. जर्मनीतील क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी एकाच पद्धतीचे मॅलेझ सापळे 27 वर्षे वापरले, आणि 63 संरक्षित जागांतील उडत्या कीटकांचे वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे 2017 मध्ये जगाला कळले ते त्यामुळेच. आपल्याकडच्या शिवणाऱ्यांनी निदान हे कारण लक्षात घेऊन खेपेगणिक माप, रंग आणि वीण बदलू नये. पहिला सापळा फाटल्यावर त्याच ठिकाणाहून मागवलेला माझा दुसरा सापळा वीतभर बुटका निघाला; विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की कापडाचा पन्हा बदलला. उत्तर प्रामाणिक होते, पण दोन हंगामांचे आकडे शेजारी ठेवण्याची सोय त्याने संपवली. तक्रार केल्यावर त्यांनी बाटलीचा जोड विनामूल्य बदलून दिला आणि तोही तितकाच उथळ आट्यांचा होता.

परदेशी सापळा घ्यावा का? एका संस्थेत तो हाताळायला मिळाला होता. शिखराची शिवण निर्दोष, जोड घट्ट, कापड किंचित जड. आयात शुल्क आणि वाहतूक धरून त्याची किंमत इथल्या सापळ्याच्या कितीतरी पट होते, आणि कोकणातल्या ओंबिलांना व गाईंना तो इथल्या सापळ्याइतकाच प्रिय ठरेल. ज्यांचे संशोधन अनुदानावर चालते आणि ज्यांना वर्षानुवर्षांची तुलना करायची आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. बाकीच्यांनी इथलाच घ्यावा, मागवतानाच लांबी, दोन्ही टोकांची उंची आणि कापडाची वीण लेखी कळवावी, शिखराची शिवण बाहेरून हवी असे स्पष्ट सांगावे, आणि बाटलीचा जोड सोबतचा न घेता प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून खोल आट्यांच्या दोन रुंद तोंडाच्या बाटल्या घेऊन त्यांची झाकणे कापून बसवावीत.